कोणीही उघडू नये असा पेटारा

मित्रांनो, मुलांच्या एका दवाखान्याच्या अडगळीच्या खोलीत, मोडक्या चाकांच्या खुर्च्यांमागे जी काळी पेटी अखंड गुणगुणत असते, ती मी. मी एक संगणक आहे, पण मला स्वतःचा पडदा नाही आणि कळफलकही नाही. माझे काम साठवण्याचे. दवाखान्यातले सगळे संगणक तारांनी मला जोडलेले होते. कोणीही आपल्या जागेवरून माझ्यातली फाइल उघडावी, बदलावी, पुन्हा ठेवून द्यावी. म्हणून नोंदणीच्या खिडकीवरच्या काकूंनी माझे नाव पेटारा ठेवले.

माझ्या उमेदीच्या दिवसांत मला क्षणाची उसंत नसे. हाडांचे फोटो, रक्ताचे अहवाल, परिचारिकांच्या पाळ्या, सगळे माझ्या पोटात. सकाळी खिडकी उघडली की पहिली हाक काकूंची. मी जरा रेंगाळलो तर त्या पुटपुटत, "उघड रे बाबा, पोरं रडायला लागलीत." ही तक्रार खिडकीवरचा संगणक मला तारेवरून कळवी, तेव्हा मला हसू येई आणि बरेही वाटे. कोणीतरी आपली वाट पाहत आहे, याहून मोठे सुख मला ठाऊक नव्हते.

मग नवा संगणक आला. तो माझ्याहून चपळ होता, त्याला काचेची थंडगार खोली मिळाली. माझ्यातले सगळे त्याच्यात गेले. मला अडगळीत आणून ठेवले तेव्हा मला वाटले, आता भंगारवाला येईल.

आली ती वायरताई. दवाखान्यातले संगणक सांभाळणारी ही मुलगी कायम गळ्यात तारेचे वेटोळे घालून फिरे, म्हणून तिला हे नाव पडले होते. तिने मला पुसले, पुन्हा तारेला जोडले आणि माझ्यात एकच कप्पा तयार केला. त्याला नाव दिले 'महत्त्वाचे'. आत मात्र काही खोट्या फाइलींशिवाय काहीच नव्हते.

तिच्याबरोबर मोठे डॉक्टर आले होते. दवाखाना त्यांचाच. याचा उपयोग काय, असे त्यांनी विचारले.

वायरताई म्हणाली, "इथल्या कोणालाच याच्याकडे यायचं कारण नाही. म्हणून जो येईल तो चोर. चोर एका संगणकात शिरला की तिथंच थांबत नाही, डॉक्टर. तारेवरून पुढचा कप्पा, मग त्याच्या पुढचा, असा उघडत जातो. हा कप्पा उघडला की माझा फोन वाजेल."

अशी माझी नवी नोकरी सुरू झाली. मित्रांनो, रिकाम्या घरात राखणीला बसणे काय असते, ते मला विचारा. शेजारच्या काचेच्या खोलीत नव्या संगणकाची लगबग चाले. मधल्या पातळ फळीतून ती ऐकू येई. मला ना काकूंची हाक, ना कोणाचा निरोप. खुर्च्यांवर धूळ चढली, माझ्यावरही चढली.

एका सकाळी, दवाखाना भरलेला असताना, कोणीतरी माझा कप्पा उघडला.

नाव काकूंचे होते. क्षणभर मी हरखून गेलो. मग पाहिले, नाव काकूंचे असले तरी उघडणारा संगणक एक्स-रेच्या खोलीतला होता. पाहुणा भराभर एकेक फाइल उचकटत होता. काकू अशा कधीच वागत नसत. मी वायरताईला कळवले.

ती धावत आली. तोवर तोच पाहुणा काकूंच्या नावाने आणखी दोन संगणकांत शिरला होता आणि प्रत्येकात एक परका प्रोग्रॅम ठेवत चालला होता. तो चालू झाला असता तर सगळ्या फाइलींना कुलूप बसले असते. वायरताई शेजारच्या खोलीत जाऊन नव्या संगणकाच्या तारेला हात घालणार, एवढ्यात मोठे डॉक्टर दारात आले. एका लहान मुलीच्या पायाची शस्त्रक्रिया सुरू व्हायची होती आणि तिचे फोटो त्याच संगणकात होते.

"आधी ते फोटो मला बघू दे," डॉक्टर म्हणाले.

"तार तोडली नाही तर बघायला काही उरणारच नाही," वायरताई म्हणाली, आणि तिने तार ओढली.

मग तिने एक पडदा उचलून आणला आणि थेट नव्या संगणकाला जोडला. डॉक्टरांनी त्या तारांच्या जंजाळात वाकून मुलीच्या हाडाचे फोटो पाहिले. शस्त्रक्रियेला थोडा उशीर झाला, पण ती त्याच दिवशी झाली आणि नीट झाली.

दुपारी डॉक्टरांनी काकूंना अडगळीच्या खोलीत बोलावले. सगळीकडे त्यांचेच नाव उमटले होते, तेव्हा संशयही त्यांच्यावरच. काकूंचा चेहरा उतरला होता. त्यांनी सांगितले की सकाळी औषधाच्या पार्सलची म्हणून एक मेल आली, ती त्यांनी उघडली, आणि आत काहीच नव्हते.

वायरताईने पडदा मला जोडला. काकूंच्या नावाने एक्स-रेच्या खोलीतून मला कधी उघडले, ते दाखवले. त्या वेळी काकू खिडकीवर होत्या. अख्ख्या रांगेने त्यांना पाहिले होते.

"म्हणजे चूक माझीच," काकू म्हणाल्या.

"मेल उघडली एवढीच, तिच्यातून चोरानं तुमचा पासवर्ड पळवला. पण नोंदणीच्या नावाला सगळ्या खोल्या उघडायची परवानगी दिली कोणी?" वायरताईने विचारले.

डॉक्टर काकूंकडे वळले. मग म्हणाले, "मीच सांगितलं होतं. सोयीचं पडतं म्हणून." त्यांनी काकूंची माफी मागितली.

ते गेल्यावर काकूंचे लक्ष माझ्याकडे गेले. "हा आपला पेटारा ना? मला वाटलं, कधीच मोडीत निघाला." त्यांनी रुमालाने माझ्यावरची धूळ पुसली. आता अधूनमधून याला उघडत जाईन, असे त्या म्हणाल्या.

"नको, काकू," वायरताई हळूच म्हणाली. "तुम्ही उघडलंत तरी मला चोर आल्यासारखंच वाटेल."

काकूंनी रुमालाची घडी घातली आणि त्या गेल्या. तेव्हापासून त्यांनी मला एकदाही उघडले नाही. त्या शब्दाच्या पक्क्या आहेत.

मित्रांनो, माझी एवढीच विनवणी आहे. आपला पासवर्ड कोणाला देऊ नका. ज्याला जेवढे लागते तेवढेच त्याला उघडू द्या. आणि हातून काही भलतेच उघडले गेले, तर काकूंसारखे उशिरा, विचारल्यावर सांगू नका, लगेच सांगा. रागावतील म्हणून गप्प बसलात की चोराला वेळ मिळतो.

मी अजून इथेच आहे. कोणी येऊ नये यासाठीच मला ठेवले आहे, आणि दवाखान्यातल्या पोरांसाठी मीही मनापासून तेच मागतो. तरी सकाळी पलीकडे खिडकी उघडते, नवा संगणक कामाला लागतो, आणि तारेतून माझ्या दिशेने काही आले का, म्हणून मी कान देतो. काहीच येत नाही. सगळे ठीक आहे, असे मी वायरताईला कळवतो.