चारशे सदतीस वस्तूंची खोली

मी कपाटं विकतो. माझ्या कार्डावर मात्र 'घर आणि व्यवसायासाठी स्टोरेज सोल्युशन' असं छापलंय. ही जावयाची करामत. त्याआधी लोक मला कपाटवाला म्हणायचे आणि माझं काही अडत नव्हतं. आता फोन वाजतो आणि पलीकडून कुणीतरी विचारतं, "सोल्युशनवाले ना?" मी हो म्हणतो. पोट आहे मागे.

सव्वीस वर्षं या धंद्यात काढल्यावर मला एक गोष्ट पक्की कळली आहे. कपाट कुणालाच नको असतं. घरातलं काहीतरी टाकून द्यायचं असतं, ते टाकवत नाही, म्हणून मला बोलावतात. एका वकिलांनी जुन्या रॅकचे सुटे भाग ठेवायला माझ्याकडून नवा रॅक घेतला. मी बसवूनही दिला. तिथे मी मूग गिळून बसतो आणि घरी येऊन बायकोपुढे तोंड सोडतो. ती म्हणते, "हे तिथे बोलायचं होतं." बोललो असतो तर बसलो असतो घरीच, तिला भाजी निवडून देत.

तर हे नवरा-बायको. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, हॉल आणि स्वयंपाकघर. बाईंचा चादरींचा धंदा, सगळा फोनवरून. चादरी, उशांचे अभ्रे, गाद्यांच्या खोळी. माल घरात, पॅकिंग घरात, कुरियरवाला दिवसातून दोनदा दारात. साहेब कुठल्यातरी ऑफिसात. पण घरातलं खरं भांडार साहेबांचंच. पहिल्या भेटीत मी एक गंजलेली वायर उचलून विचारलं, "ही ठेवायची?" ते म्हणाले, "राहू दे, लागेल." पुढच्या दहा मिनिटांत हे 'लागेल' मी चौदा वेळा ऐकलं. तेव्हापासून माझ्या वहीत त्यांचं नाव लागेलसाहेब.

बाईंनी मला दुसरी खोली दाखवली. दार पूर्ण उघडत नव्हतं. आत चादरींचे गठ्ठे, व्यायामाची सायकल, चार सुटकेसा आणि छतापर्यंत खोकी.

"आमच्या सासूबाई राहायला येताहेत," बाई म्हणाल्या. "कायमच्या. त्या एकट्या भाड्याने राहतात, आता गुडघ्यांनी तिथले जिने होत नाहीत, इथे निदान लिफ्ट आहे. महिनाअखेरीला तिथली किल्ली घरमालकाला देऊन इकडे येतील. त्याआधी ही खोली मोकळी करायची आहे."

"आईला खोली हवीच," साहेब म्हणाले. "तिने माझ्यासाठी किती केलंय. तिला इथे काही म्हणता काही कमी पडता कामा नये."

खरं सांगतो, मला बरं वाटलं. म्हटलं, चला, एकदा तरी माणसासाठी काम करतोय.

आता माझी कामाची पद्धत सांगतो, कारण सगळा घोळ तिथेच झाला. मी गिऱ्हाइकाला आधी यादी करायला लावतो. घरातली एकूण एक वस्तू लिहायची, लांबी-रुंदी-उंची मोजायची, आणि समोर किती वेळा लागते ते लिहायचं. मग मी नकाशा काढतो. यादीतल्या प्रत्येक वस्तूला नकाशात घर मिळतं. सव्वीस वर्षांत माझ्या नकाशातून एक वस्तू बाहेर राहिलेली नाही. या गोष्टीचा मला भारी अभिमान. दुकानात तसा बोर्डच लावलाय.

दोघांनी आठवडाभर बसून यादी केली. कौतुकच वाटलं मला. चारशे सदतीस वस्तू! भरतकामाचा पडदा, एक. चादरी, डबल, एकशे दहा. पाहुण्यांचा डिनर सेट, चाळीस माणसांचा, किती वेळा लागतो, तर एकदाही नाही. रिकामी खोकी, एकवीस.

"रिकामी खोकी कशाला?" मी विचारलं.

"वॉरंटी आहे ना," साहेब म्हणाले. "वस्तू परत पाठवायची वेळ आली तर मूळ खोकं लागतं."

"हे टीव्हीचं खोकं. टीव्ही कुठे?"

"तो दिला मागच्या वर्षी. बिघडला होता."

मी लिहून घेतलं. टीव्हीचं खोकं, एक. चार फूट बाय अडीच फूट.

नकाशा काढायला मला तीन दिवस लागले. खोली दहा बाय अकरा. तीन भिंतींना जमिनीपासून छतापर्यंत कपाटं, सरकत्या दारांची. मधोमध चादरींचा उभा रॅक. दोन्ही बाजूंना दीड-दीड फुटाची वाट, माणूस तिरका होऊन जातो आरामात. एक इंच वाया नाही. बाई नकाशा बघून म्हणाल्या, "किती सुटसुटीत!" साहेबांनी तर फोटो काढून ऑफिसच्या ग्रुपवर टाकला. आम्ही तिघं त्या कागदाभोवती उभे होतो आणि तिघांपैकी एकाच्याही लक्षात आलं नाही. माझ्याही नाही. तुम्हाला आत्ता आलं असेल, पण तुम्ही बाहेरून बघताय.

काम पंधरा दिवस चाललं. शेवटच्या दिवशी दुपारी चारच्या सुमाराला मी दाराची मूठ बसवत होतो, तेवढ्यात बेल वाजली. सासूबाई आल्या. बारीक चणीच्या, सत्तरीच्या आतबाहेर, एका हातात बॅग, दुसऱ्या हातात काठी. मागे टॅक्सीच्या ड्रायव्हरने गुंडाळलेली गादी आणून टेकवली. मुलगा पाया पडला, सून पाया पडली. पाणी दिलं. मुलगा अगदी लहान मुलासारखा उतावीळ झाला होता.

"आई, चल, तुझी खोली बघ आधी."

त्याने दार उघडलं आणि दिवा लावला. नवं लाकूड, पांढरी दारं, प्रत्येक कप्प्यावर छापील चिठ्ठी. म्हातारीने दारातूनच डोकं आत घातलं, उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं. मग अगदी सरळ आवाजात म्हणाली, "छान आहे. स्टोअर छान केलंत. आणि खोली कुठली?"

बाईंच्या हातातला ग्लास तसाच राहिला. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मी नकाशाकडे पाहिलं. चारशे सदतीस वस्तूंत एक खाट नव्हती हो! मी मान खाली घालून पुन्हा पहिल्या पानापासून वाचलं. नव्हतीच. आई ही काही वस्तू नाही, म्हणून ती कुणी लिहिली नाही. आणि लिहिली नाही म्हणून मी जागा ठेवली नाही.

"अहो, तुम्हाला सांगितलं होतं ना, आईसाठी करतोय म्हणून?" साहेब माझ्यावर घसरले.

"सांगितलं होतं," मी म्हणालो. "पण यादीत..."

"सगळं यादीत कसं येईल? तुम्हाला अक्कल नको?"

बरोबर होतं त्यांचं. पण अक्कल वाटायला देव बसला तेव्हा आम्ही तिघंही एकाच रांगेत मागे उभे होतो, हे त्यांना कोण सांगणार?

"एक कपाट काढा ना," बाई हळूच म्हणाल्या. "खोक्यांचं काढलं तरी खाट बसेल."

बसली असती. मी मनात मोजलंही होतं. सात फूट बाय तीन फूट, स्वच्छ. मी स्क्रू ड्रायव्हर उचललासुद्धा.

"आणि खोकी कुठे ठेवायची?" साहेब म्हणाले.

तोंडावर हसण्याची बारीकशी रेष नाही. थट्टा नव्हती ती. माणूस मनापासून विचारत होता. सुनेने त्यांच्याकडे पाहिलं आणि मग फरशीकडे पाहायला लागली. म्हातारी काठीवर दोन्ही हात ठेवून उभी होती. ती मुलाकडे बघत होती, आणि त्या बघण्यात राग असता तर मला परवडलं असतं.

"आपण असं करू," साहेब एकदम खुलले. "भिंतीतली घडीची खाट मिळते ना तुमच्याकडे? पॅसेजमध्ये बसवा. रात्री पाडायची, सकाळी वर करायची. आईला काय, झोपण्यापुरतीच तर जागा लागते."

आणि मी काय केलं असेल? खाली टेम्पोत नमुन्याची एक घडीची खाट पडलेली होती, ती वर आणली. माझी चूक लवकर झाकायची होती ना मला. मी टेप काढला आणि सासूबाईंना म्हणालो, "मावशी, जरा ताठ उभ्या राहता? उंची घेतो." त्या राहिल्या. मी डोक्यापासून टाचेपर्यंत माप घेतलं. पाच फूट आणि अर्धा इंच. आयुष्यात पहिल्यांदा माणसाचं माप घेतलं मी, आणि तेही अशा कामासाठी. आजही आठवलं की कानशिलं तापतात.

तासाभरात खाट बसली. स्वयंपाकघर आणि बाथरूमच्या मधल्या पॅसेजमध्ये, चपलांच्या स्टँडसमोर. साहेबांनी कडी काढून ती खाली पाडून दाखवली. पॅसेज बंद झाला. म्हणजे रात्री कुणाला बाथरूमला जायचं तर आईला ओलांडून जायचं.

"बस ना आई, बघ कशी आहे."

त्या बसल्या. गुडघे समोरच्या स्टँडला लागले. दोन्ही बाजूंनी हात टेकवून पाहिलं, गादी दाबून पाहिली.

"सकाळी किती वाजता वर करायची?" त्यांनी विचारलं.

"सातला पहिला कुरियरवाला येतो," सून म्हणाली. तिचा आवाज बसला होता. "पार्सलं इथूनच न्यावी लागतात. पण आई, तुम्ही साडेसहाला उठलात तरी चालेल..."

"आणि दिवसा?"

"दिवसा हॉलमध्ये," साहेब म्हणाले. "सोफा आहे की!"

त्या उठल्या. खाट स्वतःच वर ढकलली आणि कडी घातली. मग माझ्याकडे वळल्या. "दादा, तुमची गाडी खाली आहे ना? माझी बहीण नदीपलीकडे राहते. सोडाल का मला?"

"आई, काय हे? लगेच राग?" मुलगा म्हणाला. "दोन-चार दिवसांत काहीतरी करतो ना मी."

"राग नाही रे. तू सावकाश कर," त्या म्हणाल्या. तो दारातून बाजूला झाला. बॅग मी उचलली. गादी सुनेने खाली आणून टेम्पोत ठेवली आणि दोरी बांधली, आणि दोरीची गाठ पुन्हा पुन्हा तपासत राहिली.

वाटेत सिग्नलला थांबलो तेव्हा त्या बोलायला लागल्या. एकतीस वर्षं त्यांनी हॉस्पिटलचं स्टोअर सांभाळलं होतं. पट्ट्या, सलाईन, चादरी, स्ट्रेचर, सगळं.

"नवा माल यायचा असला की आधी जुनं बाहेर काढायचो आम्ही," त्या म्हणाल्या. "निम्मं तर मुदत संपलेलंच असायचं. हा चार वर्षांचा असताना मी त्याला घेऊन जायचे तिथे. एका कोपऱ्यात खेळत बसायचा, रिकाम्या खोक्यांशी. घरी घेऊन चल म्हणून हट्ट करायचा. मी आणायचे. एकटी होते, दुसरं काय देणार होते त्याला?"

मी गिअर टाकला.

"किल्ली काल दिली मी घरमालकाला," त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. "चांगला माणूस होता. म्हणाला, ठेवा हवी तर महिनाभर. मी म्हटलं, छे, माझ्या मुलाने खास खोली केली आहे माझ्यासाठी."

त्या रडल्या नाहीत. रडल्या असत्या तर मी निदान पाण्याची बाटली पुढे केली असती.

बहिणीचं घर म्हणजे एक खोली आणि पुढे ओटा. बहिणीने दार उघडलं, मोठ्या बहिणीचं तोंड पाहिलं, गादी पाहिली. एक शब्द विचारला नाही. खाटेवर वाळलेल्या कपड्यांचा ढीग होता, तो दोन्ही हातांनी उचलून कोपऱ्यात टाकला आणि म्हणाली, "बस. चहा ठेवते."

झाली जागा. सव्वीस वर्षांचा माझा धंदा त्या बाईने अर्ध्या मिनिटात गुंडाळून ठेवला.

घरी येऊन मी बायकोला सगळं सांगितलं. ती ऐकून घेत होती, मग म्हणाली, "आणि तू काय बोललास तिथे?" मी उठून हात-पाय धुवायला गेलो.

आठ दिवसांनी लागेलसाहेबांचा फोन. "जरा येऊन जाता का? छोटंसं काम आहे."

गेलो. चार शब्द सुनवायचे, एवढ्याचसाठी गेलो. टेम्पो चालवताना वाक्यं जुळवत होतो. अहो साहेब, तुम्ही टीव्हीशिवाय टीव्हीचं खोकं सांभाळता. असं काय काय. लिफ्ट सोडून जिना चढताना आवाज काढून पाहिला, चांगला धारदार निघत होता.

दार सुनेने उघडलं. डोळ्यांखाली काळं आलं होतं. "आई कशा आहेत?" मी विचारलं. ती काही बोलायच्या आत साहेब आतून म्हणाले, "मजेत! मावशीकडे रमली आहे अगदी. मीच म्हटलं, राहा हवं तितकं."

मग त्यांनी मला पॅसेजमध्ये नेलं. "ही खाट आता तशी रिकामीच. पण काढायची नाही हं, आईसाठी आहे ती. खालची जागा तेवढी फुकट जाते. दोन ड्रॉवर बसतील का?"

हीच वेळ होती. मी तोंड उघडलं. सून समोर उभी होती, माझ्याकडे बघत होती, आणि मला कळत होतं की ती वाट बघतेय, कुणीतरी एकदा बोलावं म्हणून. पण माझा हात खिशात गेला होता. टेप बाहेर आला होता. मी वाकलो, एक टोक फरशीला लावलं, दुसरं खाटेच्या पट्टीला.

"सोळा इंच आहेत," मी म्हणालो. "बसतील."