चौथी ट्रॉफी कोणाची

आमच्या लातुरात कोण डॉक्टर होणार हे पोरगं दहावीत असतानाच गल्ली ठरवून टाकते. आमच्या मनूचंही ठरलं होतं, कारण तिचे वडील, म्हणजे आमचे हे, क्लासमधले फिजिक्सचे राघवेंद्र सर. मनू, म्हणजे मनस्विनी, मेडिकलच्या परीक्षेला दोनदा बसली, दोनदा राहिली. आणि जूनमध्ये तिने सरळ सांगितलं, की आता मी गोल्फवर लिहिणार.

बेंगळुरूच्या एका वेबसाइटने तिला तीन महिन्यांसाठी ठेवून घेतलं होतं. घरी बसून आकडे बघायचे, अंदाज लिहायचे. आमच्या घरात कोणी गोल्फचा चेंडू हातात धरलेला नव्हता. मी कॉलेजच्या वाचनालयात काम करते, पण त्या खेळाचं एक पान कधी उघडलं नाही. तरी पोरगी दोन वर्षांनी पहिल्यांदा पोटभर जेवत होती. मला तेवढं पुरे होतं.

यांना पुरे नव्हतं. एक दिवस हे तिच्या लॅपटॉपमागे जाऊन उभे राहिले. पडद्यावर खेळाडूंची यादी होती. यांनी सवयीने सगळ्यात मोठ्या आकड्यावर बोट ठेवलं. "हा पहिला ना?"

"तो शेवटचा, बाबा. गोल्फमध्ये कमी फटक्यांत संपवतो तो जिंकतो."

"असं होय? मग तू गोल्फचीच परीक्षा द्यायला पाहिजे होती. कमी मार्कांत तुझा हात कोण धरणार?"

मनूने लॅपटॉप मिटला. मी बोलले. काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही; दोन दिवस घरात वरणाला फोडणी पडली नाही, एवढंच सांगते.

त्यातून यांनीच एक तोडगा काढला. वेबसाइटने आपल्या सगळ्या लिहिणाऱ्यांना एकच प्रश्न दिला होता: चारही मोठ्या स्पर्धा जिंकून दाखवणारा पुढचा खेळाडू कोण? त्यातल्या तीन स्पर्धा अमेरिकेत होतात आणि चौथी जुलैमध्ये ब्रिटनमध्ये, समुद्राकाठी. दोन खेळाडूंकडे अमेरिकेतल्या तिन्ही ट्रॉफ्या होत्या, दोघांची चौथी राहिली होती. हे म्हणाले, "तुझा माणूस यंदा जिंकला तर मी पुन्हा तोंड उघडणार नाही. नाही जिंकला, तर स्पर्धा संपल्यावरच्या मंगळवारपासून तिसऱ्यांदा परीक्षेसाठी रिपीटर बॅचला बसायचं."

मनू हो म्हणाली. मला दोघांच्याही कानाखाली द्यावीशी वाटली. क्लासच्या ऑफिसातल्या किशनरावांनी तर तिचा प्रवेशाचा फॉर्म भरूनसुद्धा ठेवला.

दोघांतला ब्रॅडवेल जगात पहिल्या नंबरवर होता. बाकी लिहिणाऱ्यांनी डोळे झाकून त्याचं नाव दिलं. मनूने दिलं व्हॅन हेर्डचं. हा अडतीस वर्षांचा, ब्रिटनच्या स्पर्धेतून पाच वेळा मधेच बाहेर पडलेला. वाचकांनी तिला वेड्यात काढलं.

"का गं, हाच का?" मी विचारलं.

तिने एक वही काढली. यांच्या क्लासात प्रत्येक पोराला चुकांची वही ठेवावी लागते. टेस्टमध्ये मार्क कुठे गेले ते ज्याचं त्याने लिहायचं. मनूने या दोघांच्या नावाने तशी वही घातली होती.

"आई, ब्रॅडवेल पक्क्या विषयातच मार्क वाढवायलाय. वाऱ्यात त्याचा चेंडू अजून उंच जातो आणि भरकटतो. व्हॅन हेर्डचंही तेच व्हायचं. पण दोन वर्षं त्याने मोठमोठ्या स्पर्धा सोडल्या आणि वाऱ्याच्या मैदानांवर लहान स्पर्धा खेळला. हरला, पुन्हा गेला. आधी वाऱ्यात नऊ फटके घालवायचा, आता दोन."

मला गोल्फ कळलं नाही, पोरगी कळली. कच्च्या विषयासमोर दोन वर्षं रोज जाऊन बसणं काय असतं, हे तिला कोणी शिकवायची गरज नव्हती.

स्पर्धेच्या शेवटच्या दिवशी, रविवारी, तिकडे वादळ झालं आणि दिवसाच्या अठरा होलांपैकी, म्हणजे चेंडू घालायच्या भोकांपैकी, उरलेले नऊ सोमवारवर गेले. तिकडची सकाळ म्हणजे आपली दुपार. मी रजा टाकली. मनू लॅपटॉपसमोर मांडी घालून बसली होती, ताटात भात वाळत होता. हे दोघे खेळाडू एकाच जोडीत खेळत होते आणि ब्रॅडवेल एका फटक्याने पुढे होता.

अडीचला दार वाजलं. हे आले होते. चालू तास सोडून आलेलं यांना मी बावीस वर्षांत पाहिलं नव्हतं; मनूच्या जन्मालाही तास संपवूनच आले होते.

"पोरांना टेस्ट देऊन आलो," चप्पल न काढताच म्हणाले. "किती राहिलेत?"

"दोन होल."

"वारा?"

"वाढायलाय."

हे तिच्याशेजारी फरशीवर बसले. सतराव्या होलवर ब्रॅडवेलने चेंडू उंच मारला. वाऱ्याने तो ओढला आणि वाळूच्या खोल खड्ड्यात टाकला. तिथून निघता निघता त्याचे दोन फटके जास्तीचे गेले. व्हॅन हेर्डने चेंडू जमिनीलगत मारला. तो खालून खालून गेला आणि झेंड्याजवळ थांबला. आता आमचा माणूस एकाने पुढे होता. हो, तोवर तो आमचा झाला होता.

अठराव्यावर ब्रॅडवेलने आपला चेंडू आत घातला; आता व्हॅन हेर्डचा चुकला तर बरोबरी, आणि त्याचा चेंडू भोकापासून चार हात लांब. मनूने माझा दंड आवळला. चेंडू आत गेला.

मनू रडायला लागली, मीही. तिचा फोन खणखणला. बेंगळुरूहून होता, नोकरी पक्की. एवढ्या लिहिणाऱ्यांत हे नाव देणारी ती एकटी होती.

यांनी वही घेतली आणि पेपर तपासावा तशी शेवटपर्यंत वाचली. मग म्हणाले, "मी तुला वाईट बोललो, मनू. लई वाईट बोललो. तुझे मार्क बघितले, तुझं डोकं बघितलंच नाही." यांनी वही मिटून तिच्या हातात दिली. "चल माझ्यासोबत. सव्वाशे पोरं बसलीत. हे त्यांना तू सांग."

मी पण निघाले. असलं काही चुकवणारी मी नव्हे.

क्लासच्या दारात किशनराव उभे होते. "सर, टेस्ट कवाच संपली. अन् उद्याच्या बॅचचा ताईंचा फॉर्म..."

"तो राहू द्या. आजचा तास मनस्विनी मॅडम घेणार हायत."

मनूने फळ्यावर समुद्र काढला, वारा काढला. पोरं आधी हसली, मग लिहायला लागली. तिचा आवाज मागच्या भिंतीपर्यंत ऐकू येत होता. राघवेंद्र सर शेवटच्या बाकावर गुडघे आखडून बसले होते, आणि तिचं संपताच यांनी हात वर केला.

"उभं राहून विचारा," मनू म्हणाली.

हे उभे राहिले. "मॅडम, आता पुढचा कोण?"