मदतीच्या मुलाखतीला अप्पा

बीदरच्या एका ट्रस्टकडे मी फीच्या मदतीसाठी अर्ज केला होता. सरकारी शिष्यवृत्ती येते तेव्हा येते, आणि बी. फार्मसीची फी कॉलेजला आधी लागते. तहसीलमधून उत्पन्नाचा दाखला आणला, गुणपत्रिका जोडली. राहिली होती फक्त मुलाखत, पालकांना सोबत घेऊन. ही मदत मिळाली नाही तर माझं कॉलेज सुटणार, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

त्या दिवशी सकाळी आमचे अप्पा तयार होऊन दारात आले आणि मी बघतच राहिले. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, गळ्यात शेजारच्या किशनकाकांची सोन्याची चेन, बोटात त्यांचीच अंगठी. बाहेर त्यांचीच बोलेरो उभी.

"अप्पा, आपण मदत मागायला जायलोय!"

"मग? भिकाऱ्यावानी जाऊ व्हय? चार मोठ्या लोकांत जायचं म्हणल्यावर नीट जावं लागतंय."

आमच्या कोहिनूर गावाकडं ही खोडच आहे. सोयरीक असो, कोर्ट असो की दवाखाना, गावाबाहेर पडायचं ते शेजाऱ्याचं सोनं घालून. आईनं तर वर अत्तरही लावून दिलं. मी कपाळाला हात लावला.

ट्रस्टच्या मुलाखत समितीत रामाचार्य नावाचे निवृत्त मुख्याध्यापक होते. माझे गुण पाहून त्यांनी मान डोलावली आणि अप्पांकडे वळले.

"अंकुशराव, घरची परिस्थिती कशी आहे?"

"देवाच्या दयेनं कशाचीच कमी न्हाई, सर."

माझ्या पायाखालची जमीनच सरकली. रामाचार्यांनी दाखला पाहिला, चेन पाहिली आणि चष्मा काढून ठेवला.

"मग हा दाखला खोटा समजायचा का?"

अप्पांचा चेहरा पांढराफटक पडला. शेवटी मीच बोलले, "चेन आमची नाही सर. अंगठी नाही, गाडीपण नाही. सगळं शेजाऱ्यांचं आहे. आमचं रान दीड एकर, तेही कोरडवाहू."

रामाचार्यांनी चष्मा पुन्हा लावला, दाखला परत एकदा वाचला आणि मंजुरीचा कागद पुढं सरकवला. "पालकांनी इथं सही करावी."

अप्पांनी तो परत ढकलला. "न्हाई पायजे. पोरीनं लोकांत माझी इज्जत काढली. आता ही मदत कामून घ्यावी?"

मी सुन्न झाले. पाचवीपासून मला सायकलवर बसवून शाळेत सोडणारा माणूस हे बोलत होता! राग आला, रडू आलं, दोन्ही एकदमच.

रामाचार्य हळू आवाजात म्हणाले, "मुलीची अठरा वर्षं पूर्ण आहेत. तिची एकटीची सही चालेल."

"विजू, चल," अप्पा म्हणाले. ते उठून उभेही राहिले होते.

मी पेन उचललं आणि सही केली. वाटलं होतं, हात अडेल. अडला नाही, आणि त्याचाच मला सगळ्यात मोठा धक्का बसला.