बाटलीतला श्वास

मुलं माझ्या ओटीवर जमली होती आणि मी त्यांना प्लास्टिकच्या बाटलीत फुप्फुस करून दाखवत होतो. तोंडाशी नळी, नळीच्या आतल्या टोकाला फुगा, कापलेल्या तळाला ताणून बसवलेलं रबर. रबर खाली ओढलं की आतला फुगा फुगतो.

"हे रबर म्हणजे बरगड्यांखालचं श्वासपटल. ते खाली सरकून छातीत जागा करतं, मग हवा आपोआप आत शिरते."

"आणि कल्पिता कुठाय?" राहीने विचारलं. "ती तर सगळ्यांच्या आधी येते. हे श्वासपटलही काल तिनेच ताणून बसवलं ना?"

मी शेजारच्या घराकडे पाहिलं. कल्पिताच्या आजीने, आवडाबाईने, राब पेटवला होता. भाताची रोपं टाकायच्या जागेवर शेण आणि पालापाचोळा पसरून इथे सगळेच जाळतात, पण सकाळी, वारा पडलेला असताना. आज आवडाबाई नातीच्या दम्यासाठी नवस बोलायला पालीला गेली होती. परतायला उशीर झाला आणि समुद्राकडचा वारा सुटल्यावर तिने काडी लावली. सगळा धूर तिच्याच घरात शिरत होता.

बाटली हातात तशीच घेऊन मी धावलो. मागून मुलं.

दारं-खिडक्या बंद. आत चुलीची धग. कल्पिताला उताणी निजवून वर गोधडी घातलेली. छातीतून शीळ येत होती, गळ्याखालचा खळगा दर श्वासाला आत जात होता.

"वहिनी, हिला निजवलंत कशाला?"

"धूर लागू नये म्हनून झाकली, गुरुजी. इसावा घेल तं उतार पडंल."

मी पोरीला उचलून माझ्या ओटीवर आणलं. तिथे धूर नव्हता. पुढे वाकवून, कोपरं गुडघ्यांवर ठेवून बसवलं. "आत ओढायची घाई नको, बाळ. तुझ्या बारीक नळ्या आवळल्यात, जुनी हवा आत अडकलीये. आधी ती सोड. चहावर फुंकतेस ना, तशी." तिने फुंकलं. पुरेना. ओठ काळपट दिसायला लागले.

"राही, नाक्यावरून रिक्षा आण, पळ! वहिनी, तिचा दम्याचा पंप कुठाय?"

आवडाबाई पदराशी चाळा करत उभी.

"पंप!"

"त्याची सवय लागते, गुरुजी. लोकं बगतात. उद्या पंप वढनारी पोर कोन करून घेल?"

"उद्याचं उद्या! आत्ता तिला श्वास पुरेना झालाय!"

ती घरात पळाली आणि तांदळाच्या पिंपातून पंप उकरून घेऊन आली.

"आणि पंपापुढे लावायचा नळा?"

"तो पनवेलला ऱ्हायला, तिच्या आयशीकडं."

नुसता पंप मारला तर औषध जिभेवरच राहतं. नळ्यांपर्यंत पोचतच नाही. आणि तिला दम धरून ओढता येत नव्हतं. वेळेला साधी बाटलीही चालते, असं तिच्या डॉक्टरांनी मला एकदा सांगितलं होतं. मी नळी आणि फुगा उपटून टाकला, रबराला चीर पाडून पंपाचं तोंड त्यात घट्ट बसवलं आणि बाटलीचं तोंड तिच्या ओठांत दिलं.

"आधी सोड. आता माझ्याकडे बघ." मी पंप दाबला. बाटलीत धुकं उठलं. "हळू... हळू घे."

काहीच फरक नाही. थोडं थांबून पुन्हा दाबला. पुन्हा. आवडाबाई एकदा रस्त्याकडे बघे, एकदा नातीच्या गळ्याकडे.

मग खळगा थोडा कमी ओढला गेला. शीळ अजून होती, पण कल्पिताच्या तोंडून शब्द निघाला.

"गुरुजी... श्वासपटल... फाडलंत."

"नवीन लावू गं," मी म्हणालो.

रिक्षा आली. धोका अजून टळला नव्हता, दवाखाना गाठायचा होता. भर नाक्यातून जाताना बायका वाकून बघू लागल्या, कुणीतरी हाकही मारली. आवडाबाईने बाटली पदराखाली घेतली नाही. सगळ्यांसमोर नातीच्या ओठांना लावून ती मला विचारत राहिली, "गुरुजी, आता दाबू? आता?"