खोळीतला कन्व्हर्टर

मित्रांनो, मी एक जुना कन्व्हर्टर आहे आणि माझा कोणावरही चटकन विश्वास बसत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. बारा व्होल्ट आत घ्यायचे आणि त्यांचे पाच करून पुढे द्यायचे, एवढंच माझं काम. ते करताना अंग तापतं, म्हणून माझ्या पाठीला ॲल्युमिनियमची पट्टी आहे.

ज्या यंत्रात मी इतकी वर्षं राबलो, ते एक दिवस भंगारात गेलं. तिथून मला या घरच्या सुनेने उचललं. ती चष्म्याच्या दुकानात काम करते आणि फावल्या वेळात सर्किटं जोडते. तिच्या सासऱ्यांना, म्हणजे आजोबांना, अर्धांगवायू झालेला. वाचा गेली, उजवा हात लुळा पडला. तिने त्यांच्या डाव्या हाताशी एक बटण दिलं, स्वयंपाकघरात घंटा लावली आणि मला पलंगासमोरच्या फळीवर बसवलं. आजोबांचा आवाज आता माझ्यातून जायचा. मला त्याचा फार अभिमान वाटायचा.

या घरच्या आजींना कोणतीही वस्तू उघडी पाहवत नाही. मिक्सरला खोळ, रेडिओला खोळ, एवढंच काय, रिमोटलाही खोळ! त्यांनी मलाही जाड अस्तराची एक खोळ शिवली. सून कामावर गेली की त्या ती माझ्यावर चढवत. संध्याकाळी सुनेला माझा लाल दिवा पाहायचा असतो, म्हणून ती यायच्या बऱ्याच आधी काढून ठेवत. माझ्यासाठी आजवर कोणी काही शिवलं नव्हतं. मी विरघळलोच.

पुढे मी भलताच तापू लागलो. फार तापलो की मी आपोआप बंद पडतो आणि माझ्याबरोबर घंटाही मुकी होते. अशाच एका दुपारी आजोबांनी बटण दाबदाब दाबलं. कोणी आलं नाही. पाण्याचा पेला घ्यायला ते स्वतःच वाकले आणि पलंगावरून खाली पडले. कपाळाला खोक पडली.

मी भंगारातला, तेव्हा संशय साहजिकच माझ्यावर. मीही काही कमी नव्हतो. शेजारच्या फुगीर पोटाच्या कपॅसिटरवर माझा संशय होता. सुनेने तो बदलला, तरी मी तापलोच. मग मी अडॅप्टरवर संशय घेतला. तोही बदलून झाला. रोज संध्याकाळी ती मला बोट लावून पाही, तर मी गार. मीटर म्हणे सगळं ठीक. मग मी मीटरवरही संशय घेतला. खोळीवर मात्र कधीच घेतला नाही.

सुट्टीच्या दिवशी सून वैतागली. "आई, हा माझ्यासमोर अगदी साळसूद असतो. उद्या याला फेकूनच देते."

"मी तरी किती जपते गं त्याला!" असं म्हणत आजींनी हातातली खोळ माझ्यावर घातली.

त्याबरोबर घंटा खणखणली. आजोबा बटण सोडेचनात. डावा हात खोळीकडे.

"थंडी वाजतेय का?" आजींनी त्यांच्या अंगावर शाल टाकली. आजोबांनी जोरजोरात मान हलवली. मग तीच शाल ओढून त्यांनी स्वतःचं नाक आणि तोंड घट्ट झाकलं. चेहरा लाल होईपर्यंत झाकून ठेवलं, धापा टाकत बाजूला केली आणि पुन्हा माझ्याकडे हात केला.

सून माझ्याकडे धावली. "आई, ही खोळ रोज असते याच्यावर?"

"सबंध दिवस असते, तू यायच्या आधी काढून ठेवते," आजी म्हणाल्या. आजोबांच्या कपाळावरच्या पट्टीकडे पाहून त्यांना रडू कोसळलं. मलाही फार वाईट वाटलं. साऱ्या जगावर संशय घेणारा मी, ज्या उबेत होतो तिच्यापाशीच फसलो होतो.

दुसऱ्या दिवशी आजींनी ती खोळ उसवली आणि तिच्या अस्तराची छोटीशी उशी शिवली. आता आजोबांचा डावा हात बटणाशेजारी त्या उशीवर विसावतो. मी फळीवर उघडाच असतो. धूळ बसते, पण घंटा वाजते.

मित्रांनो, आजी सुईदोरा घेऊन जवळून गेल्या तरी मी अजून बिचकतो. पण रोज दुपारी त्या आजोबांच्या कपाळाला हात लावतात आणि मग मलाही बोट लावून पाहतात. तुम्ही कोणाला जपत असाल, तर मधूनमधून असा हात लावून पाहत जा.