मेंढीच्या तोंडून

मित्रांनो, मी एक जुनी बोलकी मेंढी आहे. जुनी म्हणजे जेमतेम तीन वर्षांची, पण टॅबमध्ये राहणाऱ्यांना म्हातारपण लवकर येते. मला लोकर नाही, वास नाही, आणि गवताची काडीही मी कधी तोंडात धरलेली नाही. मी पडद्यावरचे एक चित्र आहे. मूल टॅबसमोर बोलले, की त्याचा आवाज मी बारीक आणि गमतीदार करते आणि त्याच्या शब्दांबरोबर माझे ओठ हलवते. माझ्यासारख्यांना 'अवतार' म्हणतात. हे नाव मला जरा जास्तच मोठे झाले.

मला ज्याने काढले त्याने मेंढी जवळून पाहिली नसावी. त्याने मला गोल चष्मा दिला, गळ्यात लाल रिबीन बांधली आणि कान लावले ते बकरीचे. ओठांचे कोपरे मात्र कायमचे वर वळवून ठेवले. त्यामुळे मी काहीही बोलले तरी हसरीच दिसते.

कन्नड तालुक्यातल्या एका लहान गावातल्या शाळेत मला दीपमाला मॅडमनी आणले. त्या चौथीच्या वर्गाला शिकवत आणि रोज गारखेड्याहून एसटीने येत. त्यांच्या वर्गातली पोरे मैदानात आभाळ डोक्यावर घ्यायची, पण वर्गात काही विचारले की सगळ्यांची तोंडे शिवलेली. मॅडमनी पुष्कळ समजावले, खाऊही आणून पाहिला. शेवटी त्यांनी आपल्या टॅबमध्ये हे अवतार घेतले. त्यात सिंह होता, पोपट होता, यंत्रमानवही होता. पण अर्धा वर्ग वरच्या माळावरच्या धनगरवस्तीतून येणारा, म्हणून त्यांनी मलाच पसंत केले.

पहिल्याच दिवशी मागून कोणीतरी ओरडले, "मॅडम, हे कान तर बकरीचे हायेत!" सगळा वर्ग खो खो हसला, आणि त्या हसण्यातच माझी त्यांच्याशी मैत्री झाली. मग रीत ठरली. एकाने टॅब घेऊन व्हरांड्यात जायचे आणि बोलायचे. बाकीच्यांनी वर्गातल्या टीव्हीवर मला पाहायचे. बोलणाऱ्याकडे कोणी बघत नसे, त्यामुळे त्याची भीड चेपायची. ज्यांचा आवाज मॅडमनी कधी ऐकला नव्हता, ती पोरे माझ्या तोंडून पाढे म्हणू लागली, कविता म्हणू लागली, आदल्या दिवशीची भांडणेही सांगू लागली. ते माझे खरे सुखाचे दिवस होते.

एकच मुलगी टॅबला हात लावत नव्हती. तिचे नाव अक्षदा. तिचे वडील भिकन मेंढरे घेऊन रानोमाळ फिरत. अक्षदाही बरीच वर्षे त्यांच्याबरोबर फिरली आणि शाळेत उशिरा आली, म्हणून ती वर्गात सगळ्यांपेक्षा उंच दिसायची. त्याची तिला फार लाज वाटे. ती शेवटच्या बाकावर ओढणीचे टोक दातांत धरून बसायची. तिचा धाकटा भाऊ सत्यम पहिलीत होता. वस्ती लांब असल्यामुळे ही सगळी पोरे कडुबा नावाच्या ड्रायव्हरच्या जीपमधून शाळेत येत.

एके दिवशी मॅडम म्हणाल्या, "आज प्रत्येकाने मेंढीकडून स्वतःची एक गोष्ट सांगायची." त्या दिवशी अक्षदा आपण होऊन उठली. टॅब घेऊन व्हरांड्याच्या अगदी टोकाला गेली. मी तिला जवळून पाहिले. तिच्या कपाळावर घाम होता. ती भराभर बोलली:

"मी रोज जीपमधी बसते. त्या जीपला ब्रेक लागत नाय. डायवर लई येळा पाय हाणतो, तवा कुठं लागतो. शाळेपाशी गाडी थांबली की आमी चाकाखाली धोंडा लावतो. माळाच्या उतारावर मला लई भ्या वाटतं. माझा भाऊ मव्हरं बसतो."

मित्रांनो, यातला प्रत्येक शब्द खरा होता. पण वर्गाला दिसले ते वेगळेच. टीव्हीवर चष्मा घातलेली एक मेंढी हसत हसत, बारीक आवाजात सांगत होती, की मी जीपमध्ये बसते आणि मला भीती वाटते. पोरे हसून हसून बाकांवर लोळली, मॅडमही हसल्या. जीपमधून येणारी पोरेही हसली, कारण धोंडा लावणे हा त्यांचा रोजचा खेळ होता. कोणाचा धोंडा मोठा, यावरून त्यांची भांडणे होत.

अक्षदा दारात येऊन उभी राहिली. तिने हात वर केला. तिला आणखी काही सांगायचे होते, हे मला स्पष्ट दिसले. पण मॅडमना फार आनंद झाला होता. इतके दिवस गप्प असलेली मुलगी बोलली होती! त्यांनी तिला जवळ घेतले, "शाब्बास! किती छान गोष्ट रचलीस गं!" असे म्हटले आणि वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या. टाळ्या थांबेपर्यंत अक्षदाने हात खाली घेतला होता.

पुढे माझे भाग्य उजळले असे सगळे म्हणत होते. मॅडमनी टॅबने टिपलेली ती गोष्ट पालकांच्या ग्रुपवर टाकली. भिकनने मेंढरांमागे फिरताना भेटेल त्याला मोबाइल दाखवला. "माझी पोरगी हाय ही. बोलाया लागली बगा!" असे तो सांगायचा. कडुबानेही ती पाहिली आणि जीपमध्येच सगळ्या पोरांना मोठ्याने लावून दाखवली. संभाजीनगरला शिक्षकांच्या प्रशिक्षणात मी मोठ्या पडद्यावर झळकले. सभागृह हसले. साहेबांनी मॅडमचे कौतुक केले आणि मुले कशी बोलती करावीत याचा हा नमुना आहे, असे सांगितले. इतक्या मोठ्या माणसांनी ऐकले, पण ती जीप कोणाची आणि कुठली, हे एकानेही विचारले नाही. मला त्याचा आजही संताप येतो.

जीप चालूच राहिली. पावसाळा संपता संपता, एका सकाळी, माळाच्या उतारावर तिला ब्रेक लागला नाही. ती वळणावर नाल्यात उलटली. बरीच पोरे जखमी झाली. अक्षदाचा हात मोडला. पुढे बसलेला सत्यम गेला.

शाळा पुन्हा भरली, तेव्हा अक्षदा गळ्यात हात बांधून आली. भिकन तिला पायी घेऊन आला होता. तो दारातच उभा राहिला. मॅडमनी टॅब उघडला, मला तिच्यापुढे ठेवले आणि हळूच म्हणाल्या, "अक्षदा, बाळा, तुला जे वाटतंय ते हिच्याकडून सांग. मन मोकळं कर."

अक्षदाने मला उचलले आणि बाकावर पालथे घातले. मला काही दिसेना. फक्त ऐकू आले. तो आवाज बारीक नव्हता, गमतीदार तर अजिबात नव्हता.

"म्या सांगितलं व्हतं, मॅडम. समद्यांनी ऐकलं व्हतं. तुमी हासल्या व्हत्या."

मॅडम खाली बसल्या. त्यांच्या रडण्याचा आवाज मी पालथ्या पडद्याखालून ऐकला.

त्यानंतर मला कोणी बाहेर काढले नाही. आता मी कपाटात, खडूच्या खोक्याशेजारी पडून असते. वर्गाचे बोलणे फटीतून कानावर येते. अक्षदा आता माझ्यावाचून बोलते. वस्तीवरून दुसरी जीप येते. पोरे सांगतात, की अक्षदा रोज सकाळी आधी ड्रायव्हरला ब्रेक दाबून दाखवायला लावते आणि मगच लहान पोरांना चढू देते. मुलांना बोलते करण्यासाठी मला आणले होते. पण अक्षदाला मी बोलते केलेले नाही. तिला बोलते करायला सत्यमला जावे लागले.

मित्रांनो, माझी धूळ पुसा, मला जपा, असे मी म्हणणार नाही. तुमच्याही वर्गात माझ्यासारखे कोणी येईल. ते बोलेल आणि तुम्हाला हसू येईल. जरूर हसा. पण हसून झाल्यावर व्हरांड्यात जा, तिथे उभ्या असलेल्या मुलाला विचारा, "हे खरं आहे का?" आणि त्याचे उत्तर येईपर्यंत टाळ्या वाजवू नका.