गच्चीवरच्या पावसाने फसलेली नदी

मी नदी बोलतेय. दचकू नका, खरी नव्हे. खरी बाहेर पुलाखालून वाहते. मी जलमापन कचेरीतल्या संगणकात राहते. डोंगरावर पाऊस पडला की पुलाखाली पाणी किती येईल, हे आधी सांगायचं हे माझं काम. अंगात थेंबभर पाणी नाही, पण गोष्टी मात्र पुराच्या!

मला एका इंजिनिअर बाईंनी घडवलं. मी त्यांना ताई म्हणते. त्या मला जुना पाऊस भरवायच्या आणि माझं उत्तर पुलाखाली मोजलेल्या पाण्याशी ताडून बघायच्या. चुकलं की कान पिळायच्या. माती किती पाणी पिते, डोंगरावरून उतरायला पाण्याला किती वेळ लागतो, असे कमीजास्त करायचे आकडे हेच माझे कान, आणि ते पुष्कळ आहेत. तुम्हाला दोनच आहेत, नशीबवान आहात.

ताईंना घाई होती. त्यांचे बाबा नदीकाठच्या खालच्या गल्लीत एकटे राहतात. गेल्या पुरात त्यांची खाट घरभर तरंगली, तरी घर सोडायचं नाव नाही. "पाणी येणार असेल तर आधी सांग, मी गादी माडीवर नेतो. उगाच घाबरवू नकोस," एवढंच त्यांचं म्हणणं.

आता पाऊस मोजायचं भांडं कचेरीच्या गच्चीवर. तिथे पडला तो डोंगरावर पडला असं धरायचं. पण भर उन्हाळ्यातसुद्धा ते रोज सकाळी पाऊस दाखवी आणि नदी ढिम्म! ताई वैतागल्या. कचेरीचे साहेब म्हणाले, "जुळवा हो कसंही, अहवाल द्यायचाय." ताईंनी माझा मातीचा कान असा पिळला की माझे डोंगर आलेलं सगळं पाणी गट्टम करू लागले. आलेखावर माझी रेघ खऱ्या नदीच्या रेघेवर चपखल बसली. साहेबांनी चहा मागवला. मीही फुशारले.

मग ताईंनी माझ्या परीक्षेसाठी राखून ठेवलेला गेल्या पुराचा पाऊस मला दिला. मी ऐटीत सांगितलं, "नदी कोरडी."

ताईंनी कपाळाला हात लावला आणि मोकळ्या हवेसाठी गच्चीवर गेल्या. परत आल्या त्या नखशिखान्त भिजून, तेही रणरणत्या उन्हात.

"साहेब, भांडं पाण्याच्या टाकीखाली आहे! टाकी भरली तरी पंप कुणी बंद करत नाही!"

साहेब ओशाळले. "भांड्यातला आकडा वाचायला जाताना ऊन लागतं हो. मीच म्हटलं, सावलीत ठेवा."

भांडं उघड्यावर गेलं. तो खोटा पाऊस पुसला, माझा कान सुटला. रेघ आता थोडी इकडेतिकडे होई. साहेबांनी चहा मागवला नाही.

पुढे खरोखरच डोंगरावर धो धो पाऊस कोसळला. मी सांगितलं, पाणी बाबांच्या पहिल्या पायरीपर्यंत येईल. ताईंनी लगेच बाबांना फोन केला. पाणी तिसरी पायरी ओलांडून घरात शिरलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

फोनवर बाबा कडाडले, "तुझ्या त्या नदीला म्हणावं, दोन पायऱ्या चुकलीस!"

ताईंनी हळूच विचारलं, "आणि गादी?"

बाबांचा आवाज एकदम उतरला.

"कोरडी आहे. तिच्यावरच बसून बोलतोय."

ताई डोळे पुसत हसल्या. मला रडता येत नाही, नाहीतर त्या दिवशी माझ्यात खरं पाणी आलं असतं.

आता त्या पुन्हा माझे कान पिळायला बसल्यात. पिळू देत. तुमच्याकडे मागणं एकच. टाकी भरली की, बाबांनो, तेवढा पंप बंद करा.